एकतीस अंशांचं मीठ

बिबवेवाडी, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

ओवी माय, बसल्या जागेवरून आशीर्वाद घे, तू काही वाकायला येत नाहीस.

हे पत्र समोरच्या फ्लॅटमधल्या पद्मजाबाई लिहितायत. मी सांगते, त्या लिहितात. जन्मभर त्यांनी पोरांना शुद्धलेखन घातलं, आता म्हातारपणी मी त्यांना घालते. मी ‘हाय’ म्हणाले की त्या ‘आहे’ लिहितात, तेव्हा पत्रातली आजी तुला सदाशिव पेठेतली वाटली तर दचकू नकोस.

फोन करू नकोस. कानात नुसती पिठाची गिरणी सुरू होते. तुझा बाप फोन स्पीकरवर टाकतो आणि माझ्यापुढे हातवारे करतो. तू काय म्हणालीस ते मला सोडून सगळ्या जिन्याला कळतं. त्यापेक्षा पत्र टाक. पद्मजाबाई माझ्या उजव्या कानात वाचून दाखवतात.

लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. सोसायटीत दोन पक्ष झालेत. एक म्हणतो दुरुस्त करा, दुसरा म्हणतो नवीच घ्या. दोन्ही पक्षांचे पुढारी पहिल्या मजल्यावर राहतात. मी चौथ्यावर, गुडघा हा असा. खाली गेले तर वर कोण आणणार, म्हणून जातच नाही. खिडकीतून रिक्षा स्टँड दिसतो. कोणता रिक्षावाला कोणाला नाही म्हणतो, एवढं मला पाठ झालंय.

माझं जाऊ दे, मी अडकले ती गुडघ्याने. तुला काय झालंय? पाषाणच्या हॉस्टेलातून निघून स्वारगेटला बस बदलली की माणूस दीड तासात घरी येतं. दिवाळीला आलीस ती पाहुण्यासारखी. चकली मोडलीस आणि तुकडे ताटात तसेच ठेवून गेलीस. तुझी आई म्हणते, अभ्यास असेल. मी म्हणते, अभ्यासाने भूक मरत नाही, वाढते.

सहा वर्षं झाली तुझ्या मिठाला. बायका विचारतात, नात काय करते? मी सांगते, मीठ करते. त्या म्हणतात, दुकानात मिळतं की! मी काय सांगू? गेल्या वर्षी तुझं पहिलं मीठ जमलं, तेव्हा तू दसऱ्याला त्यातलं चिमूटभर इवल्याशा बाटलीत आणून दिलंस. सुगीचं पहिलं धान्य देवापुढे जातं, तसं हे म्हणालीस. मला बरं वाटलं. बाटली देवघरात भवानीच्या टाकापाशी आहे. सगळे सणवार तिचे नीट चालू आहेत.

काय ते खरं कळव. ‘मी मजेत आहे’ असलं लिहिलंस तर पद्मजाबाईंना सांगून लाल शाईने परत पाठवीन.

तुझी आजी,
तुळजाबाई

[‘सदाशिव पेठेतली’ हा उल्लेख अनावश्यक होता. पण सांगितलं तसं लिहायचं, हा माझा नियम आहे. – पद्मजा]


पाषाण, पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

आजी,

पत्र मिळालं. लॅबमध्येच वाचलं आणि एकटीच हसले. बाजूचा श्रीनिवास म्हणाला, ‘काय, रिझल्ट आला का?’ आमच्याकडे हसण्याचं दुसरं कारण कोणाला सुचत नाही.

बायकांना सांग की हे जेवणातलं मीठ नाही. जेवणातलं मीठ वितळायला आठशे अंश लागतात. माझ्या मिठाच्या प्रत्येक कणाला एक डोकं असतं आणि एक लांब तेलकट शेपटी. दोन द्रव काचेच्या चंबूत दिवसचे दिवस तापवत ठेवायचे, मग धुवायचं, मग पांढरे खडे मिळतात. शेपटीमुळे ते कमी उष्णतेत वितळतात. आणि वितळतात तेही एकदम नाही. आधी दुधासारखं गढूळ होतं. वाहतं, पण आत सगळे कण रांगेत उभे असतात. अजून तापवलं की रांगा मोडतात आणि ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. म्हणजे त्याला दोन आकडे असतात, गढूळ व्हायचा आणि स्वच्छ व्हायचा. मशीनमध्ये हळूहळू तापवून ते मोजायचे, हे माझं काम. थंड करताना मात्र ते लवकर गोठत नाही, ओढत राहतं.

आजी, ती देवघरातली बाटली मला परत हवी आहे. बाबांना सुट्टीच्या दिवशी घेऊन यायला सांग. देवीला म्हणावं, थोडे दिवस उसनी.

तुझी,
ओवी

पद्मजाकाकू, इथून पुढचं आजीला वाचून दाखवू नका, प्लीज. कोणाला तरी सांगायला हवं म्हणून लिहितेय. त्या पहिल्या मिठाचा गढूळ व्हायचा आकडा एकतीस आला होता. म्हणजे तळहातावर वितळेल असं. सरांना फार आनंद झाला. पेपर छापून आला, त्यावर पुढचा प्रोजेक्ट मिळाला. त्यानंतर मी जितक्या वेळा ते मीठ केलं, तितक्या वेळा आकडा चोपन्न आला. दर वेळी. माझी खात्री आहे की पहिलं मीठ नीट वाळलं नव्हतं. तेव्हा मीठ वाळवायचा आमचा व्हॅक्यूम पंप रडत होता. हवेतलं पाणी हे मीठ पटकन ओढतं, आणि पाणी असलं की आकडा खाली येतो. मी कोरड्या मिठात मुद्दाम पाणी घालून दाखवलं, एकतीसच आला. सर म्हणाले, ‘तुझं मीठ ओलं होऊ शकतं, हे कळलं. पेपरातलं पहिलं ओलं होतं, हे कुठे कळलं?’ आणि ते चुकीचं बोलले नाहीत. ‘एकतीस आणून दाखव किंवा पहिलं ओलं होतं हे दाखव. नाहीतर थिसिसवर माझी सही नाही.’ पहिल्या मिठाचा लॅबमध्ये आता कण उरलेला नाही. फक्त आजीची बाटली आहे. स्कॉलरशिप संपली, हॉस्टेल जानेवारीअखेर सोडायचंय. रोज सकाळी तेच मीठ करते, रोज चोपन्न. सर दुष्ट नाहीत, काकू. तेही त्या एकतीसमध्ये अडकलेत.


बिबवेवाडी
३० नोव्हेंबर २०२४

ओवी माय,

मला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. पद्मजाबाईंनी पत्र वाचलं, ‘तुझी ओवी’ म्हणाल्या, घडी घालायला लागल्या. कागदाच्या मागच्या बाजूला चांगली बोटभर जाड शाई दिसत होती. मी विचारलं, ती काय नक्षी आहे? म्हणाल्या, पत्ता आहे. एवढा मोठा पत्ता दिल्लीच्या बादशहाचासुद्धा नसेल. मग मी जेवले नाही. दुपारी चार वाजता त्यांनी वाचून दाखवलं.

[साडेतीन वाजता. आणि त्यांनी आधी चहाबरोबर तीन टोस्ट खाल्ले होते. ओवी, मला क्षमा कर. – पद्मजा]

आता माझं ऐक. मला वाटलं होतं एखाद्या पोराचं प्रकरण असेल, म्हणून मी मनाची तयारी करून बसले होते. निघालं काय, तर एकतीस की चोपन्न! अगं, आधारवाला आला होता तेव्हा त्याने माझा जन्म एक जानेवारीला लावून दिला. मी म्हटलं, बाबा, मी ज्वारीच्या काढणीत झाले. तो म्हणाला, मशीन काढणी घेत नाही. त्या खोट्या तारखेवर मी आजवर रेशन खातेय, आणि गव्हाची चव काही बदलली नाही. सरांना एकतीस हवाय ना? लिहून टाक एकतीस आणि घरी ये. मीठ काय कोर्टात उभं राहून सांगणार आहे?

लवकर गोठत नाही, ओढत राहतं म्हणालीस, तेव्हा मला तुझा बापच आठवला. बाहेरून थंड होतो आणि आतून दोन दिवस खदखदत असतो. तोच उत्तरेश्वर रविवारी बाटली घेऊन येतोय. देवीला विचारलं. ती काही बोलली नाही, म्हणजे हो.

आणि जेव.

तुझी आजी,
तुळजाबाई


पाषाण
९ डिसेंबर २०२४

आजी! काकू! हे सगळं वाचा, जोरात वाचा, जिन्याला ऐकू गेलं तरी चालेल.

सापडलं. बाबांनी बाटली गेटवर दिली. आतलं मीठ मी मशीनमध्ये घातलं. गढूळ व्हायचा आकडा एकतीसच्याही थोडा खाली! मग पाणी मोजायच्या यंत्रात घातलं. आजी, पाणीच पाणी. इतकं, की मला दोनदा मोजावंसं वाटलं.

प्रिंटआउट घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, ‘ओलं होतं तर.’ एवढंच. मला वाटलं ओरडतील. पण आजी, ते सुटल्यासारखे दिसले. पेपरमध्ये दुरुस्ती छापायची, चोपन्न हा खरा आकडा द्यायचा, पुरावा म्हणून या बाटलीचं पाणी दाखवायचं, असं ठरलं. दुरुस्तीचा मसुदा ते लिहितायत, दोघांच्या सह्या लागतील. थिसिस जानेवारीत आत जाईल. उन्हाळ्यापर्यंत मी मोकळी!

तुझ्या आधारकार्डाचं उत्तर द्यायचं राहिलं. तुझी तारीख खोटी असल्याने कोणाचं अडलं नाही, खरं आहे. पण मागच्या महिन्यात मला कोइमतूरहून एका मुलीचा मेल आला. ती आमचा पेपर वाचून तेच मीठ करतेय, आणि तिचाही आकडा चोपन्न येतोय. ‘माझं काय चुकतंय?’ असं विचारत होती. तिचे सर तिला रोज पुन्हा करायला लावतात. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. आता देईन.

पेढे घेऊन येते. कुठले हवेत, सांग.

तुझीच,
ओवी


बिबवेवाडी
१३ डिसेंबर २०२४

ओवी माय,

पत्र पोचलं. पद्मजाबाईंनी इतक्या मोठ्याने वाचलं की खालच्या मजल्यावरचे सीताराम जोशी वर येऊन विचारून गेले, कोणाचं लग्न ठरलं? तुझा बाप कामावरून आला आणि न सांगता देवापुढे उभा राहिला. तो उभा राहिला की मला भीती वाटते, कारण तो एरवी देवाला नुसता हात दाखवून जातो, ट्रॅफिक पोलिसासारखा. आईने तुझी गादी उन्हात घातली.

मी मात्र पाणी या शब्दापाशीच अडकले. पद्मजाबाईंकडून ते वाक्य परत वाचून घेतलं. परत एकदा. आता त्यांना म्हटलं, लिहा.

[ओवी, इथे तुळजाबाईंनी बाटलीबद्दल आठ-दहा ओळी सांगितल्या. त्या मी लिहिलेल्या नाहीत. पेन कागदाच्या वर हलवत राहिले, टेकवलं नाही. त्यांना वाटतंय मी लिहिते आहे. सांगितलं तसं लिहायचं हा नियम मी आज मोडला. पण ओळी गाळल्या आहेत हे लपवणं मला जमत नाही, म्हणून नोंद करते. काय होतं ते विचारू नकोस. तुझी सही होऊ दे, थिसिस आत जाऊ दे, मग सांगेन. इतकी वर्षं कॉपी करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढलं, आज त्यांचे चेहरे आठवले. – पद्मजा]

झालं. एवढं सांगितल्यावर छातीवरचं जातं उतरलं. आता तू ठरव. तू काही कमी शिकलेली नाहीस.

तुझी आजी,
तुळजाबाई


पाषाण
४ जानेवारी २०२५

आजी, पद्मजाकाकू,

उशीर झाला. काकू, हे आजीला पूर्ण वाचून दाखवा, तुमच्या नोंदीसकट. आजी, त्यांच्यावर चिडू नकोस. तू सांगितलेलं त्यांनी मला लिहिलंच नाही, पण लिहिलं नाही हे मात्र लिहिलं. असा चोर पुण्यातच सापडेल.

दुरुस्तीचा मसुदा तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. सरांनी सही केली आहे. माझी जागा रिकामी आहे. ते रोज दारातून डोकावतात, ‘झालं का?’ विचारतात. मी म्हणते, ‘वाचतेय सर.’ दोन पानं आहेत. तीन आठवडे वाचतेय.

त्या ओळी काय असतील, हे मला तेव्हाच कळलं. आजी, तू झाकण उघडलंस ना?

खरं सांगू? बाबांनी गेटवर बाटली हातात दिली, तेव्हाच मी विचारायला हवं होतं, ‘ही कोणी उघडली होती का?’ पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा हे विचारेल. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी विचारलं नाही. विसरले नव्हते. उत्तर काय येईल, याची भीती होती. बाबांना चहा पाजला, रिक्षात बसवलं आणि धावत लॅबमध्ये गेले.

आकडा चोपन्नच आहे, याबद्दल मला आजही शंका नाही. मग पुरावा कसाही असो, निष्कर्ष तर खराच आहे, असं मी रोज स्वतःला सांगितलं. जवळजवळ पटलंही होतं. पण मग वाटलं, सरांनी तरी पहिल्यांदा वेगळं काय केलं? एकतीस आला, छान वाटलं, आणि मीठ वाळलं होतं का हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही. तिथूनच तर हे सगळं सुरू झालं. आता पुन्हा मला हवं ते उत्तर आलंय आणि पुन्हा मी विचारत नाहीये.

म्हणून, काकू, त्या ओळी लिहून पाठवा. तोंडी नको. आजीच्या शब्दांत हव्यात, सरांपुढे ठेवायला. सर सही परत घेतील, हे नक्की. हॉस्टेल या महिनाअखेर सुटेल. त्यानंतर माझं काय, ते मला माहीत नाही. कोइमतूरच्या मुलीला मात्र आज रात्री उत्तर लिहिलं. तिला सांगितलं की माझाही चोपन्न येतो, बाकी काही मला सिद्ध करता येत नाही.

लवकर पाठवा. नाहीतर मी सही करून मोकळी होईन.

ओवी


बिबवेवाडी
७ जानेवारी २०२५

ओवी माय,

तुझं पत्र वाचताना पद्मजाबाई स्वतःच्या नोंदीपाशी आल्या आणि कागद खाली ठेवायला लागल्या. मी म्हटलं, वाचा, थांबू नका. पूर्ण वाचल्यावर त्या म्हणाल्या, ‘तुळजाबाई, मला पोरीची सुटका दिसत होती.’ मी म्हटलं, मलाही दिसत होती बाई, म्हणून तर सांगायला जीव जड झाला होता. मग त्यांनी पोहे आणले. चांगले होते, मीठ जरा कमी. मिठाबद्दल बोलायची माझी हिंमत नाही आता.

आता तुला हवं ते सांगते. पद्मजाबाई, टेकवा पेन.

मी तुळजाबाई, उत्तरेश्वरची आई. माझ्या नातीने गेल्या दसऱ्याच्या आधीच्या दसऱ्याला मला मिठाची बाटली दिली आणि सांगितलं की हे कोणी खाऊ नका. मी खाल्लं नाही, कोणाला दिलं नाही. ती बाटली मी देवघरात ठेवली. नातीच्या कष्टाचं पहिलं पीक म्हणून दर सणाला नैवेद्यात मांडली. झाकण लावून नैवेद्य कोणी ठेवत नाही. पाहुण्यापुढे झाकलेलं ताट ठेवावं तसं ते झालं असतं. म्हणून मी दर वेळी झाकण काढत होते. खाली पाण्याचं मंडल करत होते, तुळशीच्या पानाने भोवती पाणी फिरवत होते. थेंब आत गेला नसेल असं मी सांगू शकत नाही, माझा हात थरथरतो. पूजा, आरती आटपेपर्यंत बाटली उघडी असायची. किती वेळा, ते मोजलं नाही. सण येतील तितक्या वेळा. देताना त्या मिठात पाणी होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. नंतर गेलं असेल तर ते माझ्या हातून गेलं.

एवढंच. खाली माझी सही आहे. अक्षरं येत नाहीत, पण नाव मला काढता येतं, रांगोळीसारखं. हे सगळं उत्तरेश्वरने पद्मजाबाईंच्या मागे उभं राहून मला पुन्हा वाचून दाखवलं. त्यांच्यावर विश्वास नाही असं नाही, पण या वेळी दोन डोळे जास्त लावले.

तुझ्या सरांना आणखी एक सांग. म्हातारीने मुद्दाम काही केलं नाही, पण केलं. त्यांनीही मुद्दाम काही केलं नसेल.

माय, मी तुला लिहिलं होतं, लिहून टाक एकतीस आणि ये. तेव्हा मला ते सोपं वाटलं. तुझा आकडा, तुझे सर, माझं काय जातंय? पण पाणी माझं निघालं. मी गप्प बसले असते तर तू सुटली असतीस. आणि पेढे घेऊन इथे माझ्यासमोर बसली असतीस, पहिला माझ्या तोंडाशी धरला असतास. तो मी गिळला कसा असता, सांग. थुंकताही आला नसता.

आता तू घरी ये. गादी उन्हातून काढून परत अंथरली आहे, माझ्या खाटेशेजारी. खोलीत दोघी मावू, पाय जरा दुमडावे लागतील. तू तुझं मीठ नव्याने मांड. कोणी सर मिळतील, उशिरा मिळतील. नाही मिळाले तर खिडकी मोठी आहे, रिक्षा स्टँड आपल्या दोघींना पुरेल.

तुझ्या बापाला मी एवढंच सांगितलं की पोरीला मोकळं व्हायला अजून वेळ आहे. तो दारात उभा राहिला, डबा हातातच. विचारलं, ‘अजून म्हणजे किती, आई?’

मी म्हटलं, मला कुठे मोजता येतं?

तुझी आजी,
तुळजाबाई